नागपूरची मध्यरात्र : हवाई मालवाहतूक, कागद आणि वेळेचे मोल

बालाघाट जिल्ह्याचे नाव देशाच्या व्यापारात ज्या मालामुळे झाले तो सारा जड माल आहे. भरवेलीचे मँगनीज, मलाजखंडचे तांबे, वैनगंगेच्या खोऱ्यातला धान, जंगलातला बांबू आणि तेंदूपाने. यांतले काहीही विमानात बसण्याजोगे नाही. मालगाडीचे डबे आणि ट्रक हेच त्यांचे वाहन. तेव्हा आपल्या त्रैमासिकात हवाई मालवाहतुकीवर लेख कशासाठी, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एवढेच की १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती, आणि त्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर स्वातंत्र्यानंतर दीडच वर्षाने एक असा प्रयोग सुरू झाला, ज्याची आठवण आज नागपूरकरांनाही फारशी उरलेली नाही. जगातील मोठमोठ्या मालवाहू कंपन्या आज ज्या तत्त्वावर चालतात ते तत्त्व येथे त्यांच्या कितीतरी आधी दररोज मध्यरात्री अमलात येत होते.

वेळेसाठी पैसे मोजण्याची रीत आपल्याला नवी नाही. नागपूरकर भोसल्यांच्या आणि पेशव्यांच्या काळात महत्त्वाची पत्रे जासूदजोडीबरोबर जात. एकटा जासूद वाटेत आजारी पडला, नदीला पूर आला किंवा चोरांनी गाठले तर पत्र अडकू नये, म्हणून जोडी. ज्यांनी मोडी कागद हाताळले आहेत त्यांना ठाऊक असेल की पत्र पोचल्यावर त्याच्यावर पैवस्तीचा शेरा मारला जाई. अमुक दिवशी, अमुक प्रहरी पोचले, अशी ती नोंद. इतिहाससंशोधकांना आज या शेऱ्यांवरून पानिपताची बातमी कुठे किती दिवसांनी पोचली हे काढता येते. परंतु त्या काळच्या कारभाऱ्याच्या दृष्टीने त्या शेऱ्याचा उपयोग वेगळा होता. पत्र किती वेगाने आले यापेक्षा ते केव्हा पोचेल याचा भरवसा किती, हे त्यावरून त्याला कळत असे. वेग आणि भरवसा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि हवाई मालवाहतुकीचा सारा इतिहास या दोहोंमधल्या अंतराचा इतिहास आहे असे माझे मत आहे.

विमानाने माल नेण्याची सुरुवात झाली ती मात्र केवळ नवलाईसाठी. ७ नोव्हेंबर १९१० रोजी अमेरिकेतील ओहायो प्रांतात डेटनहून कोलंबसला राइट बंधूंच्या विमानातून रेशमी कापड नेण्यात आले. मागवणाऱ्या दुकानदाराने नंतर त्यातल्या काही कापडाचे लहान लहान तुकडे करून ते आठवण म्हणून विकले. त्यानंतर साडेतीन महिन्यांतच, १८ फेब्रुवारी १९११ रोजी, आपल्या देशात अलाहाबादच्या प्रदर्शनाच्या मैदानावरून आँरी पेके नावाचा फ्रेंच वैमानिक सुमारे सहा हजार पत्रे घेऊन यमुनेपलीकडील नैनीला उतरला. अंतर उणेपुरे दहा किलोमीटर. जगातील पहिली अधिकृत हवाई टपालफेरी ती हीच. नैनीहून पुढे पत्रे नेहमीच्या रेल्वेनेच गेली, त्यामुळे वेळ किती वाचला हे विचारण्यात अर्थ नाही.

खरा उपयोग दिसू लागला तो १५ ऑक्टोबर १९३२ पासून. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन लहानशा पस मॉथ विमानातून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला उतरून टाटांची हवाई टपालसेवा सुरू केली. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले गेले होते, ही गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल. मुंबईहून मद्रासपर्यंतचा पुढचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी उडवला. इंग्लंडहून इंपीरियल एअरवेजने कराचीत आणलेली डाक पुढे रेल्वेने नेण्यात जे दिवस जात ते वाचले. ही सेवा प्रवाशांवर नव्हे, टपालावर उभी राहिली हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. भारतीय नागरी विमान वाहतुकीचा जन्मच मुळी माल वाहण्यातून झाला, माणसे नंतर बसली.

आता नागपूरकडे वळू. स्वातंत्र्यानंतर दळणवळण खाते रफी अहमद किडवाई यांच्याकडे होते. युद्धानंतर अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेली डाकोटा विमाने स्वस्तात मिळत होती, अनेक खाजगी कंपन्या निघाल्या होत्या आणि त्यांना पुरेसे काम नव्हते. ३० जानेवारी १९४९ रोजी, महात्माजींच्या पहिल्या पुण्यतिथीच्या दिवशी, रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. योजना ऐकायला अगदी साधी होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून प्रत्येकी एक विमान रात्री निघे आणि चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास उतरत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत चारही शहरांत उरलेल्या तीन शहरांची डाक पोचलेली असे. मुंबईच्या व्यापाऱ्याने संध्याकाळी टाकलेले पत्र कलकत्त्याच्या पेढीत दुसऱ्या दिवशी सकाळी वाचले जाऊ लागले. त्याच वर्षी १ एप्रिलपासून किडवाईंनी आणखी एक पाऊल टाकले. ज्या पत्राला विमानाने नेल्यास लवकर पोचणे शक्य आहे, ते जादा आकार न घेता विमानानेच न्यावे, असे ठरले. तोवर निराळे तिकीट लावणाऱ्यालाच मिळणारी सोय सामान्य माणसाच्या पत्रालाही मिळाली.

नागपूरच का, हे नकाशा पाहिल्याबरोबर कळते. नागपूरहून मुंबई हवाई अंतराने सुमारे ६९० किलोमीटर, दिल्ली सुमारे ८५०, मद्रास सुमारे ९००, कलकत्ता हजाराच्या आत. डाकोटाच्या गतीने हे अंतर अडीच ते साडेतीन-चार तासांचे. एका रात्रीत जाऊन परत येता येईल, असे चारही दिशांना सारखे पडणारे दुसरे ठिकाण देशात नाही. नागपुरातील शून्य मैलाच्या स्तंभाचे कौतुक आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण त्या मध्यवर्तीपणाचा इतका रोकडा उपयोग त्यापूर्वी कुणी केला नव्हता.

यात एक गणितही दडलेले आहे. चार शहरे एकमेकांशी थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. मध्यभागी भेटीचे ठिकाण ठेवले तर चारच पुरतात. शहरे वाढली की हा फरक फार वाढतो. पंचवीस शहरे थेट जोडायला तीनशे मार्ग लागतील, मध्यवर्ती भेट ठेवली तर पंचवीस. अमेरिकेत फ्रेड स्मिथ यांच्या फेडरल एक्स्प्रेस कंपनीने १७ एप्रिल १९७३ च्या रात्री मेम्फिस या मधल्या शहरात चौदा विमाने एकत्र आणून पंचवीस शहरांची १८६ पाकिटे वाटली, आणि व्यवस्थापनशास्त्राची पुस्तके या घटनेचे गुणगान करताना थकत नाहीत. नागपूरला हे चोवीस वर्षे आधी घडले होते, आणि तेही एका सरकारी खात्याच्या पुढाकाराने. आम्हा सरकारी नोकरांच्या वाट्याला कौतुक क्वचितच येते, म्हणून हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

परंतु नकाशाने हे सारे आपोआप झाले असे समजणे चूक ठरेल. चार विमानांपैकी एकाला उशीर झाला की बाकीच्या तिघांनी थांबायचे की निघायचे, हा प्रश्न उभा राही. थैल्या नागपुरात उघडून पत्रे वेगळी करीत बसले असते तर पहाट तेथेच झाली असती. त्यामुळे खरे काम संध्याकाळीच चारही शहरांच्या टपाल कचेऱ्यांत होत असे. प्रत्येक शहराची थैली वेगळी, तिला मोहोर, तिच्याबरोबर थैल्यांची यादी. नागपुरात फक्त यादीशी ताडून थैली एका विमानातून दुसऱ्यात टाकायची. म्हणजे विमानतळावरच्या वेगाचे रहस्य विमान उडण्यापूर्वी लिहिलेल्या कागदात होते. बारनिशीत नोकरी केलेल्या माणसाला हे चटकन कळेल. आवक-जावकेची नोंद नीट असेल तर नस्ती शोधायला एक मिनिट लागते, नसेल तर एक आठवडा.

आपल्या भागाला याचा लाभ कसा मिळाला? दिल्ली किंवा मद्रासची डाक रात्री नागपुरात उतरली की पुढे कलकत्ता लाइनने गोंदिया आणि गोंदियाहून सातपुड्याच्या छोट्या लाइनने बालाघाट. नागपुरापर्यंतचे हजार किलोमीटर एका रात्रीत आणि नंतरचे दीड-दोनशे किलोमीटर दिवसभर धूर काढीत. जुन्या घरांतून कुणापाशी त्या वर्षांतली पाकिटे असतील तर त्यांवरचे टपालशिक्के अवश्य पाहावेत. निघाल्याची तारीख आणि पोचल्याची तारीख यांत हा सारा इतिहास छापलेला आहे. पैवस्तीचाच शेरा तो, फक्त शाईऐवजी ठशाने मारलेला.

या सेवेची किंमत माणसांनीही मोजली. रात्रीच्या उड्डाणांना त्या काळी आजच्यासारखी साधने नव्हती, पावसाळ्यात मध्य भारतावरचे ढग कसे असतात हे आपण जाणतोच. प्रारंभी सेवा चालवणारी खाजगी कंपनी टिकली नाही, पुढे हिमालयन एव्हिएशनने ती उचलली, आणि १ ऑगस्ट १९५३ रोजी राष्ट्रीयीकरण होऊन आठ कंपन्यांची मिळून इंडियन एअरलाइन्स झाली तेव्हा ती तिच्याकडे आली. त्याच वर्षी १२ डिसेंबरच्या रात्री टपालसेवेचे एक डाकोटा नागपूरहून उडताच इंजिन बंद पडून कोसळले. तेरा जण मृत्यू पावले. वैमानिक तेवढे वाचले. दुसऱ्या रात्री पुन्हा विमाने आली, थैल्या बदलल्या गेल्या. पत्र लिहिणाऱ्यांना आणि वाचणाऱ्यांना याची जाणीव किती होती, कोण जाणे.

पुढे मोठी व वेगवान विमाने आली. मुंबईहून कलकत्त्याला किंवा दिल्लीहून मद्रासला न थांबता जाता येऊ लागले, इंधन महागले, आणि सत्तरच्या दशकात नागपूरची मध्यरात्रीची भेट इतिहासजमा झाली. गंमत अशी की अमेरिकेत मेम्फिसचा उदय झाला तोही याच दशकात. एकाच कल्पनेचा एका देशात अस्त आणि दुसऱ्या देशात उदय व्हावा, याचे कारण शोधले पाहिजे. मला दिसणारे कारण असे की नागपूरला फक्त पत्रे होती. मेम्फिसला यंत्रांचे सुटे भाग, औषधे, कागदपत्रे, पुढे संगणकाचे भाग असा नाना तऱ्हेचा किमती माल आला, आणि त्यासाठी जास्त पैसे मोजणारा गिऱ्हाईक आला. आपल्याकडे तो गिऱ्हाईक तेव्हा नव्हता. असता तरी परवाने, कोटा आणि कस्टमच्या खिडक्या यांतून त्याचा माल रात्रीत सुटला नसता.

येथे किमती मालाविषयी थोडे सांगितले पाहिजे. जगाच्या व्यापारातला वजनाने एक टक्काही माल विमानाने जात नाही, पण किमतीने पाहिले तर तो एकतृतीयांशाच्या आसपास भरतो. आपल्याच राज्यकर्त्यांनी आणि वर्तमानपत्रांनी अलीकडे पाहिलेले एक उदाहरण घ्यावे. १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस पुणे विमानतळावरून निघाली. दिल्लीला गेलेल्या पहिल्या विमानात ३४ खोके होते, वजन १,०८८ किलो. एका खोक्यात बारा हजार मात्रा. सरकारला मात्रा दोनशे रुपयांना पडली असे धरले तर बत्तीस किलोचे एक खोके चोवीस लाखांचे होते, आणि एक टनाच्या आसपासचा तो माल आठ कोटींहून अधिक रुपयांचा. भरवेलीहून निघणाऱ्या खनिजाच्या टनाला काही हजार रुपये मिळतात. त्या दिवशी नऊ विमानांतून साडेछप्पन्न लाख मात्रा तेरा शहरांत गेल्या. चार दिवसांनी, १६ जानेवारीला, देशभर लसीकरण सुरू झाले आणि आपल्या जिल्ह्यातही दंडात सुई टोचली गेली. लस किती तापमानात, कुठल्या शीतपेटीत, किती उरली याची नोंद २०१५ पासून उभारलेल्या संगणकीय व्यवस्थेत होत होती. ती नसती तर विमाने वेळेवर पोचूनही उपयोग किती झाला असता, याची कल्पना शासकीय भांडारात काम केलेल्या माणसाला सहज येईल.

कागदाकडून संगणकाकडे जाण्याची ही वाटचाल मात्र मोठी रखडत झाली. विमानातल्या मालाचा मूळ दस्तऐवज म्हणजे एअरवे बिल. १९२९ च्या वॉर्सा करारात त्याच्या तीन मूळ प्रती ठरल्या. एक विमान कंपनीची, एक मालाबरोबर जाऊन घेणाऱ्याच्या हाती पडणारी, एक पाठवणाऱ्याची. पुढे त्यांचे रंगही रूढ झाले, अनुक्रमे हिरवा, गुलाबी आणि निळा. त्याखाली नकला, एकूण डझनभर पाने. बिलाचा क्रमांक अकरा आकडी असतो. पहिले तीन आकडे कंपनीचे (एअर इंडियाचे ०९८), नंतरचे सात अनुक्रमाचे, आणि शेवटचा आकडा पडताळ्याचा. अनुक्रमांकाला सातांनी भागावे, जी बाकी उरेल तो शेवटचा आकडा. १२३४५६७ ला सातांनी भागल्यास बाकी पाच उरते, म्हणून पुढे ५ लिहायचा. लिहिताना एखादा आकडा चुकला की पुष्कळदा तेथल्या तेथे कळते. संगणकाच्या आधीच्या कारकुनांनी संगणकासारखा विचार केल्याचे हे उत्तम उदाहरण आहे, आणि आजही तोच हिशेब चालतो.

या बिलाखेरीज बीजक, मालाची यादी, उगमाचा दाखला, विमा, कस्टमची पत्रके असे मिळून एका मालाबरोबर तीस-तीस कागद जात. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने एकदा हिशेब मांडला होता की हवाई मालाबरोबर वर्षाकाठी ७,८०० टन कागद उडतो, म्हणजे ऐंशी जंबो मालवाहू विमाने भरतील एवढा. वजनापेक्षाही नुकसान वेळेचे होते. आकाशात काही तास घालवलेला माल गोदामात कागदाची वाट पाहत काही दिवस पडून राही. मुंबईच्या सहार विमानतळाबाहेर क्लिअरिंग एजंटांच्या माणसांची फायली काखोटीला मारून चाललेली धावपळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना अधिक सांगणे नको. हवाई वाहतुकीचे महागडे भाडे भरून घेतलेला वेळ असा खिडक्यांवर परत केला जात होता.

१९९९ च्या माँट्रियल कराराने असे मान्य केले की नोंद टिकून राहत असेल तर कागदाऐवजी अन्य साधनही चालेल. भारताला हा करार २००९ मध्ये लागू झाला. कस्टमचे संगणकीकरण आपल्याकडे त्याआधीच, १९९५ मध्ये दिल्लीत, सुरू झाले होते. १ एप्रिल २०१६ पासून अन्न, औषधे, वनस्पती इत्यादी तपासणाऱ्या निरनिराळ्या खात्यांसाठी एकच संगणकीय खिडकी झाली आणि २०१८ पासून सोबतचे कागद संगणकावरूनच देण्याची सोय आली. १ जानेवारी २०१९ पासून, जेथे शक्य आहे त्या सर्व मार्गांवर संगणकीय एअरवे बिल हाच नियम आणि कागद हा अपवाद, असे कंपन्यांनी ठरवले. करारापासून नियमापर्यंत वीस वर्षे. यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. कार्यालयांत संगणक आले त्या काळी माहिती संगणकात भरा आणि छापील प्रत तीन प्रतींत जोडा, असे आदेश निघत हे माझ्या पिढीच्या अधिकाऱ्यांना चांगले आठवते. काम एकाचे दोन झाले आणि तेच काही वर्षे सुधारणा म्हणून चालले. मराठी माणसाला संतोष वाटावा अशी एक बाब येथे नोंदवतो. विमान कंपनी, एजंट, गोदाम आणि कस्टम यांना एका धाग्यात बांधणारी संगणकीय व्यवस्था ठाण्याच्या काळे लॉजिस्टिक्स या कंपनीने मुंबई विमानतळासाठी उभी केली, आणि पुढे अमेरिकेतील अटलांटा विमानतळानेही तिचीच व्यवस्था घेतली.

असो. नागपूरचे पुढे काय झाले? २००२ मध्ये महाराष्ट्र शासनाने विमानतळ विकास कंपनी स्थापन केली आणि मिहान प्रकल्पाचा गाजावाजा सुरू झाला. मिहानच्या इंग्रजी नावातच आंतरराष्ट्रीय मालवाहतूक केंद्र हे शब्द आहेत. आपल्याकडे, सीमेपलीकडे असूनही, त्या दिवसांत बालाघाट-वारासिवनीच्या बैठकांतून मिहानची चर्चा चाले. कुणाची जमीन गेली, कुणाचा मुलगा तेथे लागेल, धान-संत्री तेथून दुबईला जातील की काय. २००९ च्या नोव्हेंबरात कॅप्टन गोपीनाथ यांच्या डेक्कन ३६० या मालवाहू कंपनीने नागपूरला केंद्र करून सेवा सुरू केली. मोठी एअरबस विमाने, रात्रीची भेट, मालाची अदलाबदल. साठ वर्षांनी तीच मध्यरात्र परत आली. पण २०११ मध्ये आर्थिक ओढाताणीत ती सेवा बंद पडली. मिहानमध्ये नंतर संगणक कंपन्या आल्या, २०१५ मध्ये विमानदुरुस्तीचे मोठे केंद्र सुरू झाले, ते चांगलेच झाले. मालवाहतुकीचे जे केंद्र नावात आहे ते मात्र कल्पिल्याएवढे उभे राहिलेले नाही.

नकाशा १९४९ मध्ये होता तोच २००९ मध्येही होता. १९४९ मध्ये विमाने उडण्यापूर्वी थैल्या भरलेल्या असत, टपाल खात्याने तेवढ्या मालाची हमी दिलेली असे. २००९ मध्ये विमाने आधी आली आणि माल शोधावा लागला. त्यातही आज माल एकत्र आणण्याचे अर्धे काम संगणकातल्या नोंदी करतात. कुठल्या प्रवासी विमानाच्या पोटात किती जागा रिकामी आहे हे क्षणात कळते, आणि जगातला निम्म्याच्या आसपास हवाई माल प्रवाशांच्या पायाखालूनच जातो. अशा वेळी केवळ मध्यवर्ती असणे पूर्वीइतके मोलाचे राहिलेले नाही. नागपूरचा अभिमान बाळगणाऱ्यांना हे रुचणार नाही, परंतु हा भौगोलिक मान आपण फार काळ एकट्याच्या बळावर मिरवला असे मला वाटते.

मग बालाघाटला यात काय आहे? जड मालाला काही नाही, हे आरंभीच सांगितले. पण वारासिवनीची हातमागाची साडी जड नाही. २०२३ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२१ मध्ये ते आपल्या चिन्नोर तांदळाला मिळाले होते, पण तांदूळ बोटीनेच जायचा. साडी अर्ध्या किलोची आणि हजारांच्या किमतीची. ओहायोतला तो पहिला हवाई माल रेशीमच होता, हा योगायोग मला सूचक वाटतो. अशा मालासाठी धावपट्टी घराजवळ असण्याची गरज नाही, टपाल कचेरी पुरते. २०२२ पासून टपाल खात्याने देशभर हजारावर डाकघर निर्यात केंद्रे उघडली. त्यांत निर्यातीचे कस्टमपत्रक घरबसल्या संगणकावर भरता येते. पूर्वी त्यासाठी परदेशी टपालाच्या मोठ्या कचेरीपर्यंत माणूस धाडावा लागे.

मात्र येथे विणकराच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे. कागदाच्या काळात पत्रक चुकले तर खिडकीवरचा बाबू खोडून दुरुस्त करून घेई, प्रसंगी रागावे, प्रसंगी चहापाण्याची अपेक्षा धरी, पण काम पुढे सरके. आता वजन, किंमत आणि मालाचा आठ आकडी सांकेतिक क्रमांक पाठवणाऱ्यानेच भरायचा, तोही इंग्रजीत. चूक झाली तर रागावायलाही समोर कुणी नसते. कारकुनाचे काम संपले नाही, ते विणकराच्या अंगावर आले. ज्याच्या घरी शिकलेला मुलगा आहे तो निभावून नेईल. बाकीचे पुन्हा दलालाकडे जातील, आणि मानांकनाचा लाभ मधल्या हातात राहील. जिल्ह्यात एखाद्या संस्थेने हे पत्रक भरून देणारे दोन तरुण बसवले तर विणकरांना त्याचा उपयोग कुठल्याही विमानतळापेक्षा अधिक होईल.

नोंदीचे महत्त्व किती, हे गेल्या वर्षांत आपल्या पुष्कळ कुटुंबांनी वेगळ्याच रीतीने अनुभवले. अमेरिकेने लहान पार्सलांवरची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली. शुल्क कोणी, कुठे, कसे गोळा करायचे आणि त्याची माहिती कोणत्या रूपात पाठवायची हे ठरले नसल्याने विमान कंपन्यांनी टपाल उचलण्यास असमर्थता दाखवली. भारतीय टपाल खात्याला २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक डाक थांबवावी लागली आणि काही दिवसांतच पत्रे व लहान भेटवस्तूही थांबल्या. विमाने रोज उडत होती, त्यांच्या पोटात जागा होती, थैल्या तयार होत्या. अडली होती ती यादी. अखेर शुल्क पाठवणाऱ्यानेच येथे आगाऊ भरायचे, अशी व्यवस्था लागून १५ ऑक्टोबरपासून सेवा पूर्ववत झाली. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. ज्यांची मुले न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात आहेत त्यांचे फराळाचे डबे त्या सहा दिवसांत निघाले. त्यांतले काही दिवाळीला पोचले, पुष्कळसे तुळशीच्या लग्नापर्यंत वाटेत होते.